गाणं फुटलं कुठून?

उस्मानपुऱ्यात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवणारे मामा एके काळी गुलमंडीवर कॅसेट विकत. भाची भीमगीतांच्या पार्टीत गाते. जयंतीसाठी केलेलं तिचं नवं गाणं १४ एप्रिलच्या आधीच व्हॉट्सॲपवर फिरू लागलं. त्यावरून स्टुडिओत झालेलं हे बोलणं.

भाची: मामा, गाणं फुटलं! शनिवारी यूट्यूबवर सोडायचं होतं, अन् आज सकाळपासून ग्रुपवर फिरायलंय. कुणीतरी फाइलमधलं माझं नाव काढून दुसऱ्याच पार्टीचं घातलंय. फाइलला कुलूप लावता आलं नसतं का?

मामा: लावता येतं की. पण गाणं वाजलं तर पाहिजे ना? म्हणजे ऐकणाऱ्याला किल्लीही द्यावीच लागते. ज्याला ऐकवायचं त्याच्याचपासून राखायचं, असा हा धंदा. मोठ्या मोठ्या कंपन्या यात तोंडावर आपटल्या.

भाची: त्यांच्याकडे तर इंजिनिअरांची फौज असणार.

मामा: होती ना. २००२ मध्ये सोनीने काही सीडींना ‘की टू ऑडिओ’ नावाचं संरक्षण दिलं. सीडीच्या कडेला एक खोटा ट्रॅक. कॉम्प्युटर आधी तो वाचायला जायचा आणि तिथंच अडकायचा. लोकांनी ती कड मार्कर पेनने काळी केली, संपला विषय. पुढच्या वर्षी ‘मीडियामॅक्स’ आलं. सीडी घातली की कॉपी अडवणारा प्रोग्रॅम आपोआप बसायचा. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवलं, की सीडी घालताना शिफ्टचं बटण दाबून धरलं तर तो प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ते बनवणाऱ्या कंपनीने आधी दाव्याची धमकी दिली, मग गुमान माघार घेतली.

भाची: मग कुलूप आणखी दणकट करायचं.

मामा: तेही करून झालं. २००५ मध्ये सोनी-बीएमजीने ५२ अल्बमच्या सीडींत असा प्रोग्रॅम घातला, की तो गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये लपूनच बसायचा. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल त्याच्यामुळे दिसेनाशी व्हायची. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबरला हे उघड केलं. तोवर दार उघडं झालं होतं. व्हायरस लिहिणाऱ्यांनी त्याच आडोशाला आपले व्हायरस लपवले. शेवटी सीडी परत घ्यायची वेळ आली. आता बघ, त्रास कुणाला झाला? ज्याने पैसे मोजून सीडी घेतली त्याला. फुकट उतरवून घेणारा मजेत. म्हणून मी म्हणतो, कुलूप नको, खूण हवी.

भाची: मग तुम्ही म्हणता ती ‘खूण’ काय करते?

मामा: काहीच अडवत नाही. धोबी कपड्याच्या आतल्या बाजूला खूण करतो ना, तसंच. शर्ट कुणीही घालू शकतो, पण तो कोणत्या घरचा हे धोब्याला कळतं. वॉटरमार्क म्हणजे गाण्याच्या आवाजातच मिसळलेली खूण. कानाला कळत नाही, पण काढणाऱ्याला काढता येते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या म्यूझॅक कंपनीच्या एमिल हेंब्रुक यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. संगीतातली एक अरुंद स्वरपट्टी मध्ये मध्ये गाळायची आणि त्या गाळण्याच्या लयीतून मोर्ससारखा संकेत लिहायचा. १९६१ मध्ये ते पेटंट मिळालं.

भाची: कानाला कळत नाही, तर व्हॉट्सॲपने फाइल दाबल्यावर ती टिकते कशी?

मामा: सगळं कौशल्य त्यातच आहे. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. चार मिनिटांच्या गाण्यात १ कोटी ५ लाखांच्या वर. गुप्त किल्लीवरून एक वेडावाकडा आराखडा तयार करतात आणि त्याप्रमाणे एकेक नमुना केसभर वर किंवा खाली सरकवतात. ढोलकीची थाप जोरात असते तिथं थोडं जास्त, कारण मोठ्या आवाजाच्या आडोशाला बारीक आवाज झाकला जातो. ओळखताना तोच आराखडा गाण्याशी ताडून बघतात. गाण्याचा भाग एकमेकांना छेदून जवळजवळ शून्यावर येतो, खुणेचा कण न् कण मात्र बेरजेत येतो. दाबताना काही कण गेले तरी बेरीज उरते.

भाची: अन् यूट्यूब गाणं ओळखतं, तेही असंच का?

मामा: नाही, तिथंच लोक गल्लत करतात. यूट्यूबची कंटेंट आयडी गाण्याचा ठसा जुळवते. हे गाणं कोणतं, एवढं ती सांगते. तुझ्या चार प्रती चौघांकडे असतील तर तिच्या लेखी त्या एकच. फुटलेली प्रत चौघांपैकी कुणाची, हे सांगायला प्रत्येक प्रतीत वेगळी खूणच लागते. ये, दाखवतोच.

(मामा त्याच गाण्याच्या दोन प्रती काढतात. दुसऱ्या अंतऱ्यातली ढोलकीची एक थाप त्यांनी एका प्रतीत दहा मिलिसेकंद पुढे सरकवली आहे. दोन्ही लावल्या तर फरक जाणवत नाही. मग एका प्रतीची फेज उलटी करून दोन्ही एकदम वाजवतात. गाणं, कोरस, की-बोर्ड सगळं गायब. स्पीकरमध्ये शांतता, आणि मध्येच एक पुसट ‘टक’.)

भाची: अगं बाई! तेवढी एक थापच उरली की.

मामा: दोन्हीत सारखं होतं ते एकमेकांनी खाल्लं, वेगळं तेवढं राहिलं. आता यातली गोम ओळख.

भाची: दोघांनी आपापल्या प्रती एकत्र आणल्या, तर त्यांनाही खूण सापडेल!

मामा: शाबास. म्हणून एका थापेवर भागत नाही. आणि कुणी तीस सेकंदांचं स्टेटस कापलं तर त्या तुकड्यातही खूण हवी. म्हणजे ती गाणंभर पेरावी लागते.

भाची: मग कंपन्यांनी कुलपं सोडून खुणाच का नाही वापरल्या?

मामा: वापरल्या, पण खुणेचंच कुलूप करून बसले! १९९८ मध्ये रेकॉर्ड कंपन्या आणि यंत्रं बनवणाऱ्यांनी मिळून ‘एसडीएमआय’ नावाचा गट काढला. बेत असा, की प्लेअर गाण्यातली खूण वाचेल आणि चोरीचं वाटलं तर वाजवायला नकार देईल. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी जाहीर आव्हान दिलं, खूण काढून दाखवा म्हणून. प्रिन्स्टनच्या एडवर्ड फेल्टन यांच्या गटाने ती काढली. एप्रिल २००१ मध्ये त्यांना त्यावरचा निबंध वाचू नका असं बजावणारं पत्र आलं. ऑगस्टमध्ये तो वाचला गेलाच.

भाची: म्हणजे खूणही कच्चीच?

मामा: ती लावली चुकीच्या कामाला. खूण ओळखणारं यंत्र घराघरात दिलंस, तर चोर घरी बसून निवांत खटपट करतो: थोडं बदल, वाजतंय का बघ, नाही वाजलं, पुन्हा बदल. तेच यंत्र फक्त मालकाकडे असलं, तर खूण गेली की राहिली हे चोराला कळायला मार्गच नाही. थिएटरांत हेच करतात. डिजिटल सिनेमाच्या नियमांनुसार चित्रात आणि आवाजात किमान ३५ बिटांची खूण असते. १६ बिट वेळेचे, दर पंधरा मिनिटांची नोंद. १९ बिट जागेचे. मोबाइलवर सिनेमा चोरून शूट केला, तर कुठल्या पडद्यावर, कुठल्या खेळाला, हे त्या चोरीच्या प्रतीतूनच निघू शकतं.

भाची: मग खूण सापडली म्हणजे चोर सापडला!

मामा: थांब, इथंच घात होतो. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ १७ तारखेच्या प्रदर्शनाआधी दोन दिवस फुटला. कोपऱ्यात ‘फॉर सेन्सॉर’ असं स्पष्ट लिहिलेलं. लगेच बोटं सेन्सॉर बोर्डाकडे वळली. बोर्डाने हात झटकले. ती प्रत कशासाठी काढली, एवढंच ते शब्द सांगत होते. दुसरं उदाहरण हॉलिवूडचं. ऑस्करच्या मतदारांना पाठवलेल्या प्रती फुटल्या, तेव्हा खुणेने कारमाइन कारिडी या नटाचं नाव दाखवलं. त्याने त्या एका ओळखीच्याला दिल्या होत्या आणि पुढच्या नकला तिथं झाल्या. २००४ मध्ये अकादमीने कारिडीला काढून टाकलं. प्रत कुणाला दिली होती हे खूण सांगते. पुढे काय झालं, ते माणसांना विचारूनच कळतं.

भाची: मला तर कीबोर्डवाल्याचाच संशय आहे. त्याचं नाव ग्रुपवर टाकूनच देते!

मामा: अजिबात नको. या वेळी आपण चौघांना एकसारखीच प्रत दिली होती. तुझ्याकडे पुरावा काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरी झाली तुझी, अन् आरोपी व्हायचीस तू.

भाची: अन् माझं नाव पुसलं त्याचं काय?

मामा: तिथं कायदा तुझ्या बाजूने आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५-ब कलम आलं. कामाचं नाव, कर्त्याचं नाव, हक्कदाराचं नाव अशी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढली किंवा बदलली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण एक बारकावा आहे. ऐकणाऱ्याची ओळख पटवणारं साधन कायद्याने त्या माहितीतून मुद्दाम वगळलंय. कुलूप तोडण्याबद्दलच्या ६५-अ कलमातही, वापरणाऱ्याची ओळख किंवा त्याच्यावर पाळत ठेवणारा उपाय चुकवायला सूट आहे.

भाची: म्हणजे माझ्या नावाची खूण पुसणं गुन्हा, घेणाऱ्याच्या नावाची पुसणं नाही?

मामा: या दोन कलमांपुरतं तसंच. ऐकणाऱ्याचाही खासगीपणा असतो ना! २००७ मध्ये ॲपलने बिनकुलपाची गाणी विकायला काढली, तेव्हा फाइलमध्ये गिऱ्हाइकाचं नाव आणि ईमेल उघडं लिहिलेलं असायचं. मोबाइल हरवला की नाव कुणाच्याही हाती. म्हणून आपण खुणेत नुसता आकडा घालायचा, आणि कुठला आकडा कुणाचा ही वही स्टुडिओत ठेवायची. शिवाय तुझं नाव प्रत्येक प्रतीत. अन् देतानाच सांगायचं, की प्रतीवर खूण आहे. अर्धं काम तिथंच होतं.

भाची: ते पुढच्या गाण्याला. आत्ता काय करू?

मामा: शनिवारची वाट बघू नकोस, आज रात्रीच तुझ्या चॅनलवर गाणं सोड. खोट्या नावाच्या पोस्टचे स्क्रीनशॉट घे. नंबर, लिंक, वेळ सगळं दिसू दे. माझ्याकडे रेकॉर्डिंगच्या तारखांसह मूळ ट्रॅक आहेत, ते घेऊन उद्या सायबर पोलिसांकडे जाऊ. आणि त्या चौघांना एकेकाला फोन कर. विचारायचं ते त्यांनाच विचार, ग्रुपवर अवाक्षर नको.