काडतूस कोठे अडले?

काडतूस म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला 1857 आठवते. ते काडतूस कागदाचे होते. शिपाई ते दातांनी फाडून त्यातील दारू नळीच्या तोंडातून आत ओतीत असे. आजच्या रायफलीचे काडतूस धातूचे असून ते मागच्या बाजूने आत जाते. त्याचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाला की गोळी निघून जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. पुंगळी मात्र शिल्लक राहते.

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले पुष्कळ लोक ही उरलेली पुंगळी पुन्हा मापात आणतात आणि तीत नवी टोपी, दारू व गोळी घालून घरीच काडतूस तयार करतात. यास तेथे हँडलोडिंग म्हणतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनविता येत नाही. त्यामुळे हा छंद आपल्या फारसा परिचयाचा नाही. तथापि या छंदातील लोक बिघाड शोधण्याची जी पद्धत वापरतात, ती सर्वांनीच समजून घेण्याजोगी आहे. ती न पाळल्यामुळे काय घडू शकते, याचे एक दारुण उदाहरण इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात प्रथम ती पद्धत आणि नंतर ते उदाहरण पाहू.

‘रायफल अडली’ ही तक्रार झाली, निदान नव्हे. ‘पोटात दुखते’ एवढ्यावर वैद्य औषध देत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे तो आधी विचारतो. येथेही तसेच आहे. स्वयंचलित भरणी होणाऱ्या रायफलीत बोल्ट मॅगझिनमधील काडतूस पुढे ढकलतो, ते चेंबरमध्ये बसते आणि बोल्टला कुलूप लागते. चाप ओढताच टोपीवर आघात होऊन दारू पेटते. नळीतील वायूचा काही भाग मागे वळवून त्याच्या जोरावर कुलूप उघडले जाते. बोल्टचा आकडा रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकतो आणि स्प्रिंगच्या रेट्याने बोल्ट पुन्हा पुढे येतो. हे सारे सेकंदाच्या अल्पशा अंशात घडते. म्हणून पहिला प्रश्न असा : या मालिकेतील कोणत्या पायरीवर काम थांबले?

पहिला प्रकार म्हणजे काडतूस चेंबरमध्ये पूर्ण न बसणे. बार उडताना पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते व नंतर थोडी आकसते. तरी ती मूळ मापावर येत नाही. म्हणून ती पोलादी साच्यात दाबून मापात आणावी लागते. साचा योग्य उंचीवर बसविलेला नसेल तर पुंगळीचा खांदा पुरेसा मागे जात नाही आणि बोल्ट बंद होत नाही. दुसरे कारण लांबीचे. पुनःपुन्हा वापरल्याने पितळ पुढे सरकते व मान लांबते. .223 रेमिंग्टन या काडतुसाची पुंगळी जास्तीत जास्त 1.760 इंच, म्हणजे 44.7 मिलिमीटर लांब चालते. त्याहून वाढली तर ती कापावी लागते. गोळीसह संपूर्ण काडतुसाची कमाल लांबी 2.260 इंच धरतात. गोळी पुरेशी आत बसविली नाही तर ती मॅगझिनमध्ये अडते किंवा नळीतील आट्यांना जाऊन भिडते. गोळी पक्की धरावी म्हणून पुंगळीचे तोंड फाजील आवळले तर खाली खांदा फुगतो, आणि डोळ्यांना न दिसणारी ती फूगसुद्धा काडतूस अडविण्यास पुरेशी होते.

यांपैकी नेमके कारण कोणते, हे ठरविण्याची रीत साधी आहे. प्रथम साच्यातून काढलेली नुसती रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून पाहावी. तीच बसत नसेल तर दोष साच्याचा किंवा लांबीचा. ती बसत असेल, तर टोपी व दारू न घालता फक्त गोळी बसविलेले नकली काडतूस घालून पाहावे. आता अडले तर दोष गोळी बसविण्यात आहे. नकली काडतुसाला काळी शाई फासली तर घासलेल्या जागी पितळ उघडे पडून नेमका अडथळा दिसतो. भरलेले काडतूस बसत नाही म्हणून बोल्टवर ठोकणे मात्र जिवावर बेतू शकते. ‘अडू नये म्हणून जरा जास्तच दाबू’ हा विचारही घातक ठरतो. खांदा वाजवीपेक्षा मागे गेला तर प्रत्येक बाराला पितळ ताणले जाते व अखेर पुंगळी बुडाजवळ तुटते.

दुसरा प्रकार म्हणजे बार होतो, पण बोल्ट पुरेसा मागे येत नाही. येथे वायूचा जोर कमी पडलेला असतो. दारू थोडी असेल, तिचा जळण्याचा वेग त्या रायफलीला मानवणारा नसेल, अथवा रायफलच घाणीने जड चालत असेल. त्याच रायफलीत कारखान्यात बनलेली काडतुसे उडवून पाहावीत. ती सुरळीत चालली तर दोष आपल्या भरणीत. तीही अडली तर दोष रायफलीत शोधावा. अंदाजाने दारू वाढविणे हा उपाय नव्हे. छापील कोष्टकाची मर्यादा कधीही ओलांडू नये.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट : पुंगळी चेंबरमध्येच रुतून बसते. दाब जास्त असेल, चेंबर गंजून खडबडीत झाले असेल, किंवा पुंगळी आकसण्यापूर्वीच बोल्ट तिला ओढू लागला असेल, तर आकडा निसटतो किंवा पुंगळीची कड तुटते.

या तीनही कारणांचा मेळ एका राष्ट्राच्या सैन्यात जमून आला. युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत रचलेली एआर-15 रायफल ड्युपॉन्टच्या एका विशिष्ट दारूवर बेतलेली होती. तिचे दाणे बारीक काड्यांसारखे असत. पुढे सैन्याने ठरविलेला गोळीचा वेग दाबाच्या मर्यादेत राहून मोठ्या उत्पादनात मिळेना, तेव्हा 1964 मध्ये सैन्याने ऑलिन मॅथिसनची गोल दाण्यांची दारू स्वीकारली. या दारूने वायूच्या छिद्रापाशी दाब वाढला. मिनिटाला सुमारे साडेसातशे ते आठशे फेऱ्यांचा वेग हजाराच्या आसपास गेला आणि बोल्ट लवकर उघडू लागला. या दारूत घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची पुटे वायूच्या बारीक नळीत बसू लागली. त्यातच चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. आधीच्या एम-14 रायफलीच्या नळीला तो होता. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबर गंजले. सफाईचे साहित्य पुरेसे पोहोचले नाही. उलट या रायफलीला सफाई फारशी लागत नाही, असा समज सैनिकांत पसरला होता.

परिणामी रिकाम्या पुंगळ्या चेंबरमध्ये रुतू लागल्या. शत्रू समोर असताना सैनिकाला सफाईची सळई नळीच्या तोंडातून घालून पुंगळी ठोकून काढावी लागे. 1967 च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सान्हजवळच्या टेकड्यांवर लढलेल्या मरीन सैनिकांच्या हाती ही रायफल नुकतीच आली होती. त्यांनी घरी लिहिलेली पत्रे वर्तमानपत्रांपर्यंत व लोकप्रतिनिधींपर्यंत गेली. अधिकाऱ्यांचे उत्तर बहुधा एकच असे : सैनिक रायफल साफ ठेवीत नाहीत.

मे 1967 मध्ये प्रतिनिधिगृहाने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. तिने विचारलेला मुख्य प्रश्न हँडलोडिंग करणाऱ्याच्याच प्रश्नासारखा होता : आधी चालत होते, मग बदलले काय? ऑक्टोबरमधील अहवालात तिने दारूतील बदलास प्रमुख कारण ठरविले आणि संबंधितांची वागणूक गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवर पोहोचते, असा ठपका ठेवला. तपासात आणखी एक गोष्ट उघड झाली. कारखान्यात रायफली पसंत करताना जुन्या दारूची काडतुसे वापरण्यास मुभा होती, आणि रणांगणावर मात्र नव्या दारूची काडतुसे जात होती. परीक्षा एका काडतुसाची झाली आणि सैनिकाला दुसरे मिळाले.

उपाय अवघड नव्हते. बोल्टची मागची धडक झेलणारा बफर जड केला, चेंबरला क्रोमचा मुलामा दिला, सफाईचे साहित्य पाठविले. 1968 मध्ये चित्रकार विल आयस्नर यांच्याकडून सफाईविषयी एक चित्रमय पुस्तिका तयार करवून घेऊन ती सैनिकांना वाटली. पुढे दारूतील कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाणही घटविले. सफाईचा मुद्दा खोटा नव्हता. पण तोच एक मुद्दा पुढे केल्याने मूळ कारण झाकले गेले आणि त्याची किंमत तरुण सैनिकांनी भरली.

रायफल आणि काडतूस हे मिळून एकच यंत्र आहे. एकात बदल केला की दुसरे पुन्हा तपासले पाहिजे. घरी दहा काडतुसे भरणारा माणूस हा नियम पाळतो, कारण बोल्टमागे त्याचा स्वतःचा चेहरा असतो. निर्णय घेणारा एक आणि परिणाम भोगणारा दुसरा असला की हा नियम विसरला जातो. कला शाखेच्या विद्यार्थ्यांपैकी उद्या कोणी प्रशासनात जाईल, कोणी वृत्तपत्रात, कोणी अध्यापनात. त्यांच्यापुढे येणारी ‘अडले’ ही तक्रार रायफलीची नसेल. कालव्याची, शिधावाटपाची किंवा परीक्षेच्या निकालाची असेल. तक्रार करणाऱ्यालाच दोषी धरण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : नेमके कोणत्या पायरीवर अडले, आणि त्याआधी काय बदलले?