मन खचले म्हणजे भक्ती उणी नव्हे

सज्जनहो, गेल्या एकादशीस भाईंदरला कीर्तन आटोपल्यावर एक माळकरी बाई आमच्यापाशी आल्या. म्हणाल्या, "महाराज, दोन वर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. आज उपास म्हणून घेतल्या नाहीत. नामावर भरवसा असता तर त्या लागल्याच नसत्या, होय ना?"

आम्ही म्हणालो, "माउली, ताप आला तर काढा घेता ना? तेव्हा भक्ती उणी होते का? मग इथेच का व्हावी?"

तुकोबारायांचे चरित्र आठवा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. दुःखाने त्यांचाही जीव पोळला. मग त्यांनी काय केले? विठोबाचे मोडके देऊळ नीट केले, एकादशीस कीर्तन आरंभिले, संतवचने पाठ केली. दुःख सरण्याची वाट न पाहता काम हाती धरले.

आपणही तेच करावे. झोप व जेवण वेळेवर, सकाळी थोडे पायी चालणे. हरिपाठ सबंध होत नसेल तर एकच अभंग म्हणावा. घरातल्या एकाला तरी मनातले सांगावे. गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नये, एकादशीलाही नाही. जीव नकोसा वाटला तर एकटे राहू नये. 2022 सालापासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. 14416 वर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते.

त्या बाईंनी प्रसाद घेतला व घरी जाऊन डॉक्टरांना फोन केला. आमच्या मते त्यांची एकादशी मोडली नाही.

रामकृष्णहरी.