तिरपा टेका

मुलांनो, लातूर-नांदेडकडील जुन्या माळवदाच्या घराची लाकडी प्रतिकृती करू या. काचकागदाने घासलेले चार खांब उभे करावेत व त्यांवर तुळया एकेका बारीक खिळ्याने जोडाव्यात. झाला एक खण! बाजूने बोट लावताच तो डोलतो. आता कोपऱ्याकोपऱ्यांत तिरपे टेके सरसाने चिकटवावेत. सरस वाळला की खण स्थिर राहतो. मग माळवद बसवून रंग द्यावा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. कित्येक ठिकाणी मात्र भिंती पडल्या, तरी लाकडी खांबांनी छप्पर तोलून धरले. अशा खांबांना तिरप्या टेक्यांची जोड मिळाली, तर घर अधिक बळकट होते. तुकडा लहान, पण त्याचे काम केवढे मोठे!