साथरोग कायदा आणि नागरिकांचा विनंती अर्ज

साथीच्या काळात शासनाला असाधारण अधिकार वापरावे लागतात. मुंबई इलाख्यात प्लेग पसरला असता १८९७ साली झालेल्या साथरोग कायद्याने ते दिले. मूळच्या त्या अगदी छोट्या कायद्यात आदेश मोडणाऱ्यास शिक्षा आणि अंमलबजावणी करणाऱ्यास संरक्षण होते. नागरिकाने गाऱ्हाणे कोठे मांडावे, याचा उल्लेख नव्हता. पुण्यातील घरझडत्यांमुळे उसळलेल्या असंतोषाची परिणती सर्वज्ञात आहे.

मार्च २०२० मध्ये हाच कायदा महाराष्ट्रात लागू झाला. भिवंडीतील यंत्रमाग थांबले. ‘घरातच राहा’ हा आदेश सर्वांस सारखाच होता. परंतु एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांना तो पाळावा कसा, हा प्रश्न होता.

असे प्रश्न कायदे करणाऱ्यांपुढे नेण्याचे सनदशीर साधन म्हणजे विनंती अर्ज होय. राज्य विधिमंडळात त्यासाठी विनंती अर्ज समिती असून अर्ज सदस्यामार्फत सादर करता येतो. आदेश कोणता, त्यामुळे अडचण कोणाची आणि मागणी नेमकी काय, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. भाषा संयमित असावी.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लस घेण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील, असा निर्णय दिला. मागणी करतानाही हाच समतोल राखावा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज लिहून देणे हे गावच्या शिक्षकांचे व पंचायत सदस्यांचे कर्तव्यच होय.