लोगो डिझायनर व्हायचंय? कल्पना कुठून आणायच्या, साधनं कोणती वापरायची?

"सर, लोगो करायला बसलो की काही सुचतच नाही, मग पिंटरेस्ट उघडतो," असं बरेच जण सांगतात. उघडा ना, हरकत नाही. पण आधी माझी फजिती ऐका.

नवीन नवीन कामं घेत होतो तेव्हाची गोष्ट. एका मसालेवाल्या ताईंसाठी मी तयार टेम्पलेटमधली मिरची उचलली, रंग बदलला, खाली नाव टाकलं. दोन तासांत काम फत्ते! पाकिटं छापून आली आणि पंधरा दिवसांत ताईंचा फोन, "दादा, शेजारच्या तालुक्यात लोणच्याच्या बरणीवर आपलीच मिरची आहे हो." त्या माणसानेही तेच टेम्पलेट घेतलं होतं. त्याला काय बोलणार? चूक माझीच होती. पाकिटं वाया गेली, छपाईचे निम्मे पैसे मी भरले.

कॅनव्हासारख्या ठिकाणचं तयार चित्र कोणीही वापरू शकतं. त्यावर तुमच्या ग्राहकाचा एकट्याचा हक्क होत नाही, त्यामुळे ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला गेलात तर अडकाल.

दुसऱ्या वेळी मी लॅपटॉप घरी ठेवला आणि ताईंच्या कांडपाच्या खोलीत तासभर बसलो. खलबत्ता, चाळणी, पोत्यावरची शाईची अक्षरं, ताई चिमटीत मसाला धरून वास घेतात ती पद्धत, असं सगळं वहीत काढलं. शेवटी लोगोत ती चिमूटच आली. ती कुठल्याही टेम्पलेटमध्ये सापडली नसती.

दुसरा खजिना म्हणजे आपली देवनागरी. रुपयाचं चिन्ह बघा: डी. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकत्र आणले आणि २०१० मध्ये सरकारने ते स्वीकारलं. एका अक्षरात काम झालं! कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकंही शोधून बघा. नाटक गंभीर आहे की विनोदी, हे अक्षराच्या वळणावरूनच कळतं. (मी तर अजूनही एसटी स्टँडवर उतरलो की आधी जुन्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढतो. बायको वैतागते.)

आता साधनं. अक्षरांसाठी गूगल फॉन्ट्सवर 'एक टाइप'चे मुक्ता, बालू, मोदक हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांचं लायसन्स धंद्याच्या कामालाही चालतं. ग्राहकाचं नाव टाइप करून जोडाक्षरं आणि मात्रा नीट बसतात का, तेवढं बघून घ्या. काढण्यासाठी इन्कस्केप. हेही मोफत, आणि यात वेक्टर फाइल होते, म्हणजे तोच लोगो व्हिजिटिंग कार्डावर आणि दहा फुटी बोर्डावर फाटत नाही. झाला की एकाच रंगात, रबरी शिक्क्याएवढा करून प्रिंट काढा. ओळखू येत नसेल तर रेषा कमी करा.

ग्राहकाला दाखवण्याआधी एक काम मात्र टाळू नका. ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर 'पब्लिक सर्च' आहे, तिथे मोफत शोधता येतं. नावाने शोधा आणि चित्रासाठी व्हिएन्ना कोडनेही शोधा. माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले ३० मध्ये येतात, लोणचं २९ मध्ये, म्हणून जवळचे वर्गही बघा. ग्राहकाला नोंदणी करायचीच असेल तर व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. कोटेशन देताना हे सांगितलंत तर तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

आणि हो, लोगोचा कॉपीराइट ग्राहकाला देताना लेखी द्या, सहीसकट. मुदत लिहिली नाही तर कायद्याने ती पाच वर्षांचीच धरली जाते, आणि हे बहुतेक ग्राहकांना माहीतच नसतं.

पुढच्या व्हिडिओत इन्कस्केपमध्ये वहीतलं चित्र वेक्टर कसं करायचं ते दाखवतो. तोपर्यंत तुमच्या गल्लीतल्या एखाद्या दुकानात तासभर बसून या, वही घेऊन.