रात्रीच्या रस्त्यावर आपण दिसतो का?
पायी व सायकलने जाणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी



बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस गळिताचा हंगाम आणि थंडीतील लांब रात्री एकाच वेळी येतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांकडे हंगामात रात्रंदिवस ऊसवाहतूक चालते. त्याच रस्त्यांवर पहाटे दूध घालायला निघालेला सायकलस्वार असतो, रात्रपाळीची वीज आली म्हणून मोटार चालू करायला निघालेला शेतकरी असतो आणि फडाकडे निघालेले ऊसतोड मजूरही असतात. पिकाच्या पाण्याची जितकी काळजी आपण घेतो, तितकीच त्या पाण्यासाठी रात्री बाहेर पडणाऱ्या माणसाची घ्यावयास हवी.

आपल्याला दिसते, पण आपण दिसत नाही :

सरळ रस्त्यावर येणाऱ्या गाडीचे दिवे आपल्याला एक-दीड किलोमीटरवरून दिसतात. त्यामुळे चालकालाही आपण दिसत असू, असे वाटते. हा समज चुकीचा आहे. दिव्यांचा झोत खाली असताना गडद कपड्यांतील माणूस चालकाला सुमारे 25 ते 30 मीटरवर आल्यावरच दिसतो. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे 25 मीटर अंतर संपते. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी 20 ते 25 मीटर लागतात. चालक कितीही सावध असला तरी हा हिशेब जुळत नाही. हे अंतर वाढविणे मात्र आपल्या हातात आहे.

कपड्यांप्रमाणे माणूस दिसण्याचे अंदाजे अंतर :
गडद कपडे – 25 ते 30 मीटर
पांढरे कपडे – 50 ते 60 मीटर
परावर्तक पट्टी – 120 ते 150 मीटर

आपल्याकडे वडीलधारी मंडळी पांढरे धोतर-सदरा वापरतात, हे चांगलेच आहे. परंतु थंडीत त्यावर काळे घोंगडे किंवा तपकिरी शाल येते आणि पांढरा रंग झाकला जातो. अशा वेळी पांढरा टॉवेल किंवा उपरणे सर्वांत वर घ्यावे.

'रेडियम'ची पट्टी कसे काम करते?

बाजारात जिला रेडियमची पट्टी म्हणतात, तिच्यात रेडियम नसते आणि ती स्वतः उजळतही नाही. तिच्यात काचेचे अतिशय बारीक मणी किंवा लोलक बसविलेले असतात. पांढरे कापड प्रकाश चहूकडे विखुरते. ही पट्टी मात्र प्रकाश जिकडून आला तिकडेच, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठविते. यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

1. पट्टीवर चिखल किंवा धूळ बसली की ती निकामी होते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी.
2. समोरच्या गाडीचे दिवे बंद असतील तर पट्टी चमकणार नाही. म्हणून सोबत बॅटरी हवीच.
3. भडक नारिंगी किंवा पोपटी जाकीट दिवसा व तिन्हीसांजेला उठून दिसते. रात्री उपयोग होतो तो त्यावरील चकाकणाऱ्या पट्ट्यांचा.

पट्टी घोट्यावर आणि मनगटावर बांधावी. खाली वळविलेला झोत आधी पायांवर पडतो, आणि हलणारी पट्टी पाहून 'हा दगड नव्हे, माणूस आहे' हे चालकाला लवकर कळते.

पायी जाताना :

पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. घोळक्याने जाताना एकामागे एक चालावे, पुढच्याजवळ व मागच्याजवळ बॅटरी द्यावी. मागच्या बॅटरीच्या काचेवर तांबडा कागद लावावा. दोन गाड्या समोरासमोर येतात तेव्हा चालकांचे डोळे दिपतात आणि मधला माणूस त्यांना दिसेनासा होतो. त्या वेळी रस्ता सोडून कडेला थांबावे. आषाढी वारीत बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या वाटेने पहाटे अंधारात पुढे निघणाऱ्या वारकऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी.

सायकलस्वारांसाठी :

सायकल नेहमी डाव्या बाजूने चालवावी. पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा व तांबडा परावर्तक असावा. पेडलवरचे परावर्तक काढू नयेत, ते वरखाली होत असल्याने चटकन नजरेत भरतात. कॅरिअरवर वैरणीचा भारा किंवा दुधाची किटली बांधली की मागचा परावर्तक झाकला जातो. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून किटलीच्या मागच्या बाजूला तांबडी पट्टी कायमची चिकटवावी. भाऱ्यावर पट्टी लावलेले फडके बांधावे.

टायरगाडी व जनावरे :

उसाने भरलेली टायरगाडी माणसाच्या चालीने जाते, म्हणून मागून येणारे वाहन तिला फार लवकर गाठते. मागे लोंबणारे वाढे परावर्तक झाकणार नाही असे बांधावे आणि मागे तांबडा दिवा टांगावा. बैलांच्या शिंगांनाही पट्टी लावावी. फडावरच्या टोळीकडे हे साहित्य नसेल, तर ज्याच्या शेतात तोड चालू आहे त्याने पट्टीचे चार तुकडे द्यावेत. त्यांच्यासोबत लहान मुलेही पहाटे रस्त्यावर असतात.

घरच्या घरी प्रात्यक्षिक :

रहदारी नसलेल्या शेतरस्त्यावर ट्रॅक्टर उभा करून दिव्यांचा झोत खाली ठेवावा. एकाने बैठकीवर बसावे. दुसऱ्याने गडद कपड्यांत पावले मोजत दूर जावे आणि तो दिसेनासा होताच बसलेल्याने हाक मारावी. मग पांढऱ्या कपड्यांत व शेवटी पट्टी बांधून तसेच करावे. आकडे वहीत लिहावेत. घरातील मुलांना, विशेषतः सायकलने शाळेत जाणाऱ्यांना, हा फरक ट्रॅक्टरवर बसवून अवश्य दाखवावा. सांगून जे पटत नाही, ते एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरत नाही.

हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण पंपाची व ट्रॉलीची तपासणी करतो. त्याच दिवशी घरातील प्रत्येक सायकलीला, किटलीला व बॅटरीच्या पट्ट्यालाही परावर्तक पट्टी लावून घ्यावी.