शिकता शिकता शिक्षक

शेती करणे हे कष्टाचे काम आहे. परंतु शेती शिकविणे त्याहूनही अवघड आहे. इतर विषयांच्या शिक्षकाला पुस्तक व फळा यांवर पुष्कळसे भागविता येते. शेतीच्या शिक्षकाला मात्र शास्त्राचे ज्ञान हवे, हाताला मातीची सवय हवी आणि शेतकऱ्याला पटेल अशा रीतीने बोलताही यावयास हवे. ही तिन्ही साधने एकाच माणसाने मिळवावयाची कशी? अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या विद्यार्थिदशेची हकीकत वाचली, म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सापडते.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी राज्यात एका गुलाम आईच्या पोटी झाला. १८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. पण माणसाला त्याच्या कातडीच्या रंगावरून तोलण्याची वृत्ती संपली नाही. एका महाविद्यालयाने जॉर्जचा अर्ज प्रथम मंजूर केला. परंतु तो दारात येऊन उभा राहताच, केवळ तो कृष्णवर्णीय आहे म्हणून त्याला परत पाठविले. तरीही त्याने शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. अखेर १८९० मध्ये आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. इतरांचे कपडे धुऊन तो आपला खर्च भागवी आणि चित्रकला शिके.

जॉर्जची चित्रे सुंदर होती. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या एका चित्राचा गौरव झाला. परंतु त्याच्या चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांना त्याचे वनस्पतींचे वेडही ठाऊक होते. त्यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. 'तू तेथे जाऊन शेतीचे शिक्षण घे,' असे त्यांनी जॉर्जला सुचविले. कुंचला खाली ठेवणे त्याच्या जिवावर आले. मात्र त्याचे हजारो बांधव दक्षिणेत दुसऱ्यांच्या जमिनी कसत, कर्जात बुडून जगत होते. त्यांना चित्रापेक्षा पिकाची गरज अधिक होती. त्याने मनाचा निश्चय केला आणि १८९१ साली तो एम्सला गेला.

तेथील आरंभीचे दिवस सुखाचे नव्हते. भोजनगृहात इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसण्यास त्याला मनाई झाली. शेतावरील मजुरांबरोबर तळघरात त्याला जेवावे लागे. या अपमानाने दुसरा एखादा खचून गेला असता. जॉर्ज मात्र निमूटपणे मिळेल ते काम करी आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत व काचगृहात घालवी. कलमे कशी बांधावी, दोन जातींचा संकर करून नवी जात कशी निपजवावी, पिकावरील बुरशी कशी ओळखावी, हे सारे त्याने स्वतःच्या हातांनी करून पाहिले. हळूहळू त्याचा व्यासंग सर्वांच्या डोळ्यांत भरला.

१८९४ मध्ये तो पदवीधर झाला. या महाविद्यालयाची पदवी मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होय. गुरुजनांनी त्याला जाऊ दिले नाही. काचगृहाची देखरेख आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे वर्ग त्याच्याकडे सोपविण्यात आले. एकीकडे वरच्या पदवीचा अभ्यास आणि दुसरीकडे अध्यापन, असा दुहेरी क्रम सुरू झाला. आपल्याला एखादी गोष्ट कळली, असे आपण समजतो. पण ती दुसऱ्याला समजावून देताना आपल्याच ज्ञानातील खाचखळगे दिसू लागतात. ज्या भोजनगृहात त्याला जागा नव्हती, त्याच संस्थेत तो आता गुरू झाला होता. तेथील एका प्राध्यापकांचा लहान मुलगा त्याच्याबरोबर रानात हिंडे. प्रत्येक गवताकडे, फुलाकडे कसे पाहावे, हे जॉर्ज त्याला दाखवी. हा मुलगा, हेन्री वॉलेस, पुढे १९३३ मध्ये अमेरिकेचा कृषिमंत्री आणि १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाला.

१८९६ मध्ये कार्व्हर यांना वरची पदवी मिळाली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातील टस्कीगी संस्थेत बोलाविले. एम्सला सुसज्ज प्रयोगशाळा होती, मान होता, पुढील संशोधनाची संधी होती. टस्कीगीला होती ती निकस जमीन आणि गरीब विद्यार्थी. परंतु ज्यांच्यासाठी कुंचला दूर ठेवला, ती माणसे तेथेच होती. कार्व्हर टस्कीगीला गेले.

तेथे उपकरणे नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी टाकाऊ बाटल्या, डबे व भांडी गोळा केली आणि त्यांतून प्रयोगशाळा उभी केली. वर्षानुवर्षे केवळ कापूस घेतल्यामुळे जमिनीचा कस गेला होता. चवळी, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील सूक्ष्म जीव हवेतील नत्र धरून ठेवतात व त्यामुळे जमीन सुधारते. आपले शेतकरी ज्याला 'बेवड' म्हणतात, त्याचेच हे शास्त्र. ते कार्व्हर यांनी सोप्या भाषेतील पत्रके काढून लोकांना समजावून दिले. जो शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, त्याच्या बांधावर शाळेने गेले पाहिजे, म्हणून १९०६ मध्ये अवजारे व बियाणे भरलेली एक गाडी खेडोपाडी फिरू लागली. ती चालविण्याचे काम टॉमस कॅम्बेल या टस्कीगीच्याच विद्यार्थ्याकडे आले. शिकता शिकता शिक्षक झालेल्या गुरूच्या शाळेतून तसाच दुसरा शिक्षक घडला!

१९४३ साली कार्व्हर यांचे निधन झाले. ज्ञान हे बियाण्यासारखे आहे. कणगीत जपून ठेवले, तर त्याला कीड लागते. शेतात पेरले, तरच ते शतपटीने वाढते.

स्वाध्याय
१. शेतीच्या शिक्षकाला कोणती तीन साधने आवश्यक असतात?
२. चित्रकला सोडून शेतीचे शिक्षण घेण्याचा निश्चय जॉर्जने का केला?
३. टस्कीगीला प्रयोगशाळा कशी उभी राहिली?
४. तुमच्या गावातील अनुभवी शेतकऱ्यास भेटून 'बेवड' म्हणजे काय, ते विचारा व आठ-दहा ओळींत लिहा.